लेकरू कुणापाशी ठेवायचे?

ताडकळसला आमच्या वस्तीतल्या एका लेकीचे गेल्या उन्हाळ्यात साडेसातशे रुपये गेले. कुणाला ही रक्कम किरकोळ वाटेल. तिच्यासाठी ती तीन दिवसांच्या खुरपणीची मजुरी होती. मोबाईलवर निरोप आला होता : घरबसल्या पेन्सिल पॅकिंगचे काम, महिना तीस हजार, महिलांसाठी सुवर्णसंधी. तिने नोंदणीचे पैसे भरले. मग ओळखपत्राचे मागितले, तेही भरले. मग गाडीभाड्याचे मागितले तेव्हा तिने आधी माल दाखवा म्हटले, आणि समोरचा फोन बंद पडला तो पडलाच.

वस्तीतले भाऊ तिला हसले. बारावी शिकलेली पोरगी अशी कशी फसते, म्हणाले. मी माहेरी गेले होते तेव्हा ती माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, मी काय येडी हाय का? पेन्सिली भरायचे तीस हजार कुणी देत न्हाई, एवढं मला बी कळतं. दोन हजार दिले असते तरी बास होते. पण लेकराला सोडून जाऊ कुठं?"

तिचा नवरा चाकणला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली आहे. दिवाळीला येतो आणि चौदा एप्रिलला येतो. सासूचे गुडघे गेले आहेत. थोरली मुलगी तिसरीत आहे, धाकटे दीड वर्षाचे. नवरा पाठवतो त्यात किराणा निघतो, बचत गटाचा हप्ता निघत नाही. त्या जाहिरातीतले तीस हजार तिने धड वाचलेच नव्हते. तिने 'घरबसल्या' हा एक शब्द वाचला होता.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या चळवळीत नोकरीवर बोलणे होते, आरक्षणावर होते, अनुशेषावर होते, आणि ते झालेच पाहिजे. पण अंगावरचे लेकरू असलेल्या बाईने कमवायचे कसे, यावर आपल्या एकाही परिषदेत ठराव झालेला मी ऐकला नाही. जणू हा बायकांचा घरगुती प्रश्न आहे. हा घरगुती प्रश्न नाही. हा मजुरीचा प्रश्न आहे, आणि थोडे उकरले की खाली जातीचाही आहे.

ताडकळस काही आडवळणाचे खेडे नाही. पूर्णा तालुक्यातले हे मोठे गाव. बाजार समिती आहे, पोलीस ठाणे आहे, आठवडी बाजार भरतो, आजूबाजूच्या खेड्यांचा इथे राबता असतो. एवढ्या गावात लहान लेकराच्या आईला काम काय आहे? शेतातले आहे. पाऊस पडला की खुरपणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. या प्रत्येक कामाची मजुरी वेगळ्या रीतीने ठरते, आणि लेकुरवाळी बाई प्रत्येक रीतीत वेगळ्या तऱ्हेने मारली जाते.

खुरपणी हजेरीने असते. ठरल्या वेळेला बांधावर हजर नसाल तर अर्धा रोज. लेकरू आजारी पडले, रात्र जागून काढली, सकाळी तासभर उशीर झाला, की अर्धा दिवस गेला. सोयाबीन बहुतेक गुत्त्याने काढतात. पाच-सहा जणी मिळून एकराचे गुत्ते घेतात आणि पैसे वाटून घेतात. त्या टोळीत अंगावरच्या लेकराची बाई कुणाला नको असते. कारण ती दर तासाला झोळीकडे पळणार आणि तिच्या वाटणीचे ओझे बाकीच्यांवर पडणार. बाकीच्या काही दुष्ट नाहीत. त्यांनाही दिवस मावळायच्या आत एकर उरकायचा असतो. राहिला कापूस. तो किलोवर. इथे मात्र लेकरू आणले तरी मालक काही बोलत नाही. या हवे तेव्हा, जा हवे तेव्हा, बांधावरच्या लिंबाला झोळी बांधा, कुणाची ना नाही. कामात केवढी ही मुभा! पण ही मुभा मालकाच्या खिशातून येत नाही. लेकरू रडले, बाई तासभर त्याला घेऊन बसली, तर त्या तासाचा कापूस कमी भरला तो तिचा. मालकाचा एक पैसा बुडाला नाही.

सोयीच्या वेळेचे काम म्हणतात ते हे. शहरातल्या शिकलेल्या बायांना संगणकावर मिळते ते आणि आमच्या बाईला कापसात मिळते ते, तत्त्व एकच. वेळ तुमची, तोटाही तुमचा. म्हणून अशा कामाचे गुणगान कुणी गायला लागले की आपण पहिला प्रश्न विचारावा : सोय कुणाची?

हा प्रश्न आपल्या समाजाने विचारायचा नाही तर कुणी? वेळेचा नियम नसलेले काम आपल्याइतके कुणी केले आहे? वतनाचे काम हेच होते. सांगावा पोचवा, मेलेले ढोर ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा, रात्री-अपरात्री हाक आली की उठा. कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदला ठरलेला नाही. घरचा पुरुष सापडला नाही तर घरात जे कुणी असेल त्याला धरून न्यायचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच मुख्य तक्रार होती : काम मोजलेले नाही, वेतन ठरलेले नाही, आणि एकाच्या नावावर सारे कुटुंब राबते आहे. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा कायदा इथे लागू नव्हता, वेठ मात्र इथेही तीच होती. काम मोजा, वेळ ठरवा, दाम ठरवा, ही मागणी आपल्या चळवळीच्या पायातली आहे. आता ती आईच्या कामाला लावायची वेळ आली तर आपण गप्प का?

एक कारण मला दिसते. आईचे काम आपण कामात धरत नाही, त्यागात धरतो. रमाईने मुंबईत शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, यावर आपल्याकडे किती गाणी आहेत! सात फेब्रुवारीला ती लागतात आणि ऐकताना डोळे भरून येतात, माझेही येतात. पण गोवऱ्या थापणे हे पोरेबाळे सांभाळत केलेले, विकून पैसे आणणारे काम होते. त्या काळात गिरणीतल्या बाईला निदान गिरणीचा भोंगा होता, रमाईला भोंगाही नव्हता. 'आयदान' हे उर्मिला पवारांचे आत्मकथन २००३ साली आले. त्यातली आई नवऱ्याच्या मागे बांबूची सुपे-टोपल्या विणून लेकरे शिकवते. सारा दिवस हात चालू, पण ती कुठे कामाला जात नाही, घरीच असते. अशा बाईला शिरगणतीवाला विचारतो, काय करता? आणि घरातला पुरुष उत्तर देतो, काही नाही, घरीच असते.

फलटणच्या बेबीताई कांबळे घ्या. वस्तीतच छोटे दुकान टाकले. गिऱ्हाईक मुख्यतः आपलेच लोक, लेकरे डोळ्यासमोर. सामान बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या गल्ल्यावर बसून वाचायच्या, आणि तिथेच घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्यातून 'जिणं आमुचं' उभे राहिले, १९८६ ला त्याचे पुस्तक झाले. घरबसल्या कामाचे यापेक्षा उजळ उदाहरण माझ्यापाशी नाही. पण त्यातही लपवून लिहावे लागले, हे विसरता येत नाही. दुकान चालवायला घरातून मुभा होती, लिहायला नव्हती.

आता उपदेश करणाऱ्यांकडे वळते. मेळावे होतात, शिबिरे होतात, पाहुण्या येतात आणि सांगतात : भगिनींनो, पापड लाटा, लोणची घाला, मसाले कुटा, डबे द्या. घर सांभाळून उद्योग होतो. सांगणाऱ्या पाहुणीचा हेतू चांगलाच असतो. पण तिला एक गोष्ट ठाऊक नसते किंवा ती बोलत नाही. आमच्या वस्तीतल्या चुलीवरचा डबा गावात घेणार कोण? गावातल्या मास्तराला, बँकेतल्या साहेबाला जेवणाचा डबा हवा असतो, त्याला बाईही हवी असते, पण घर कुणाचे हे आधी विचारले जाते. तोंडाने जात विचारायचे दिवस गेले, आता आडनाव विचारतात, नाहीतर घर कुठल्या बाजूला ते विचारतात. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. धाग्याला विटाळ होत होता, मग भाकरीला होणार नाही?

हे माझे मन कलुषित म्हणून मी लिहीत नाही. शाळेच्या पोषण आहाराचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना प्राधान्य द्यावे. न्यायालयाला असा आदेश का द्यावा लागला असेल? आणि आदेशानंतरही देशात ठिकठिकाणी आपल्या बाईने शिजवलेली खिचडी मुलांनी खाऊ नये म्हणून पालक शाळेच्या दारात उभे राहिल्याच्या बातम्या येतच राहिल्या. तुमच्या गावच्या शाळेत खिचडी कोण शिजवते ते एकदा बघून या. प्राधान्य कागदावर आहे की चुलीवर, ते तिथेच कळेल. शिजवणारीचे मानधन २०२३ साली वाढवून महिना अडीच हजार झाले तेव्हा सत्कार झाले. अडीच हजारात सरपण फोडायचे, शिजवायचे, वाढायचे, भांडी घासायची.

पापडाचे मात्र एक मोठे उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. भिजवलेले पीठ बाईने घरी न्यायचे, लाटून वाळवून परत आणायचे, दर ठरलेला, नफ्यात वाटा. लिज्जत का चालली याची कारणे पुष्कळ सांगतात. मला त्यात दोन दिसतात. बाईला गिऱ्हाईक शोधत दारोदार फिरावे लागले नाही. आणि पापड पाकिटात गेला. पाकिटावर लाटणारीचे आडनाव नसते. आपल्या बायांनी खाण्याच्या धंद्यात उतरायचे तर एकेकटीने डबा घेऊन दारावर जायला सांगू नका. मोठे मंडळ करा, त्याला नाव द्या, शिक्का द्या, पाकीट द्या, तालुक्याच्या बाजारात माल न्या. मग मास्तराच्या ताटात आमच्या हातचा पापड बिनबोभाट जाईल. त्याचे मन बदलण्याची वाट पाहत आमचे लेकरू उपाशी का राहावे?

शिवणकामाला विटाळ कमी. ब्लाऊज, फॉल-पिको, परकर, गावातल्या साऱ्या गल्ल्यांतून येतात. शिलाई मशीनही मिळते. जिल्हा परिषदेच्या योजनेतून वाटप होते, फोटो निघतो. मशीन घरी येते आणि लग्नसराई सोडली की तिच्यावर कपडे वाळत घालतात. मशीन दिले, काम कुणी दिले नाही. पत्र्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत, परभणीच्या मे महिन्यात, वीज गेलेली असताना लेकरू मांडीवर घेऊन मशीन चालवून बघावे एकदा वाटप करणाऱ्यांनी.

पण शिवणाचे काम गावात नाही असे कसे? गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, शाळेत मुले आहेत, मुलांना गणवेश लागतो. सरकार एका गणवेशाला ३०० रुपये धरते. २०२४-२५ च्या शालेय वर्षात राज्य सरकारने ठरवले की साऱ्या राज्याला एकाच ठिकाणाहून कापड द्यायचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचे. ऐकायला बायांच्या हिताचे होते. झाले काय? वरून कापड यायला उशीर, मापात घोळ, कुणाला बाही आखूड तर कुणाला विजार लांब, आणि पावसाळा सरला तरी कित्येक शाळांत गणवेशाचा पत्ता नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले.

इथे आपल्याला करण्यासारखे आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतली कोण आहे त्या समितीत? बहुतेक ठिकाणी तिचे नाव कागदावर असते आणि सही घरी आणून घेतात. त्या बाईने बैठकीत जाऊन एवढेच म्हणायचे आहे की यंदाचे गणवेश तालुक्याच्या दुकानातून तयार आणू नका. माप गावातच घ्या, शिलाई गावातल्या मशीनवाल्या बायांना द्या, आणि शिलाईचा दर आधी ठरवून लिहून द्या. गावातल्या पाच-सहा जणींना दोन महिने घरी बसून, ठरल्या दराचे काम मिळेल. तीस हजार नाही मिळणार. पण फोन बंद करून कुणी पळणारही नाही.

हे सगळे लिहिताना मला माझेच हसू येते. कारण मशीन असो, पापड असो की कापूस, गाडी शेवटी एका जागी येऊन रुतते. रांगते लेकरू मशीनच्या पायट्यात हात घालते. पापड वाळत घातलेल्या चादरीवरून चालत जाते. घरबसल्या काम म्हणजे लेकरू आपोआप सांभाळले जाते, हा समज लेकरू न सांभाळलेल्या माणसांचा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात आणि पुरुषाची ८८. ही ८८ मिनिटेसुद्धा मला आमच्या वस्तीत फारशी दिसलेली नाहीत, पण पाहणीवाल्यांना दिसली असतील तर आनंद आहे. एक घर मात्र मी पाहिले. बायको आशाताई आहे, नवरा लेकराला घेऊन घरी असतो आणि दुपारी अंगणात बसून सायकली दुरुस्त करतो. त्याला पाराजवळची माणसे 'बायको' म्हणतात. हीच माणसे सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातात.

मी स्वतःही यातून गेले आहे. बाळ सहा महिन्यांचे असताना एका खासगी संस्थेतली शिकवण्याची नोकरी मी सोडली. दुपारी तासभर घरी जाऊ द्या एवढेच मागितले होते. माझ्या पदव्या होत्या, नवऱ्याचा पगार होता, म्हणून निभावले. ज्या घरात पदवी नाही आणि पगारही नाही तिथे नोकरी कोण सोडते माहीत आहे? थोरली मुलगी शाळा सोडते. आई कापसाला, आजी खाटेवर, मग धाकट्याला कमरेवर घेऊन तिसरी-चौथीतली पोरगी दारात उभी. तिचे नाव पटावर असते म्हणून ती गळतीत मोजली जात नाही. शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा या पोरीच्या कमरेवर भाऊ नव्हता धरलेला.

बाबासाहेबांनी आईचा प्रश्न घरगुती म्हणून बाजूला ठेवला नव्हता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते, त्या काळात खाणींवर पाळणाघरे ठेवण्याची तरतूद कायद्यात आली. खाणीवर पाळणाघर! खाणीतल्या बाईला जे मिळायला हवे हे तेव्हा कळले, ते कापसातल्या बाईला अजून कुणी दिलेले नाही. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे केले. आमच्या वस्तीतल्या बाईच्या मालकाकडे ५० माणसे कुठली?

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात चांगली तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरे आली तर एका बाईला फक्त त्यांना सांभाळायला नेमायचे आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यायची. लेकरे सांभाळणे ही मजुरी आहे, हे देशाच्या कायद्याने मान्य केलेले होते. किती कामांवर अशी बाई हजेरीपटावर दिसली, हे वाचकांनी आपापल्या गावापुरते आठवून पाहावे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा मंजूर केला, शंभराचे सव्वाशे दिवस म्हटले. दिवसांवर खूप भांडण झाले. झोळीजवळच्या बाईवर झाले नाही.

मग अंगणवाडी आहे की, असे म्हणाल. आहे. पण अंगणवाडी तीन वर्षांवरच्या लेकराला बसवते, तेही काही तास. तीनच्या आतल्याला घरी न्यायचा आहार देते, म्हणजे पाकीट देते, लेकरू ठेवून घेत नाही. आईची सगळ्यात अडचण होते ती नेमकी याच वयात. २०२२ पासून केंद्राची 'पाळणा' योजना आहे, तीत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे आहे. ग्रामसभेत त्याची मागणी आपणच करायला हवी. मात्र मागताना एक सांभाळा. हे काम अंगणवाडीताईच्या डोक्यावर फुकट टाकू नका. तिला मानधनावर आधीच पुरे राबवले आहे. ती मानसेवी, आशाताई स्वयंसेविका, शिजवणारी मदतनीस. सरकारला बाई हवी, कामगार नको. अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगायलाही २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. वेतन म्हटले की कायदा लागतो, म्हणून मानधन म्हणायचे. मान आमचा आम्हाला आहे, धनाचे बोला.

सरकारकडे मागू, भांडू. पण आपल्या हातात आज काय आहे? प्रत्येक वस्तीत विहार आहे. लोकांनी मजुरीतले पैसे घालून बांधलेले, पक्क्या छताचे, फरशीचे, पंख्याचे. बहुतेक वस्त्यांत सगळ्यात थंड जागा तीच. सकाळी वंदना होते, संध्याकाळी होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. दहा ते पाच कुलूप. आई उन्हात असते तेच हे सात तास. तिथे लेकरे ठेवली, वस्तीतल्या दोन बायांना सांभाळायला नेमले, कामावर जाणाऱ्या आयांनी रोजचे थोडे आणि विहार समितीने थोडे घालून त्या दोघींना ठरलेला पगार दिला, तर एका दगडात दोन कामे होतात. वीसेक आया मोकळ्या होतात आणि दोघींना वस्तीतच, आपले लेकरू बरोबर ठेवून करता येणारे काम मिळते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी प्रश्न टाकला आहे की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा की समाजाचा सेवक व्हायचा. जो प्रश्न भिक्खूला, तोच विहाराला का नको?

पूर्णा तालुक्यातल्याच एका वस्तीत, नाव सांगत नाही, मी हे पौर्णिमेच्या दिवशी बोलून पाहिले. वंदना झाल्यावर माणसे बसली होती. आधी सगळ्यांनी चांगली कल्पना आहे म्हटले, मग एकेक सुरू झाले. एक जण म्हणाले, विहाराचे पावित्र्य आहे, लेकरे घाण करतील. दुसरे म्हणाले, एखादे पडले-झडले तर जबाबदारी कुणाची. खजिनदार म्हणाले, पगाराला पैसा कुठला, शिल्लक काही नाही. तेव्हा मागे बसलेला एक पोरगा उठला आणि यंदाच्या जयंतीच्या डीजेचे बिल किती झाले ते त्याने सगळ्यांसमोर विचारले. त्याला खाली बसवण्यात दहा मिनिटे गेली.

बाया सगळ्या एका बाजूला पदर सावरून ऐकत होत्या. त्यांतली एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची, म्हणाली, "बाबांनो, ह्या विहाराच्या पायाला म्या दगडं वाहिले तव्हा मही रखमा झोळीत होती. इथंच, ह्या कोपऱ्यात बांधली व्हती झोळी. तव्हा नव्हता इटाळ झाला."

कुणी काही बोलले नाही. विषय पुढच्या पौर्णिमेवर गेला. सरणत्तयं झाले, माणसे उठली, सचिवांनी पंखा बंद केला आणि कुलूप लावले. मी चपला शोधत होते. म्हातारी काठी टेकत त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "दादा, ती किल्ली मह्यापाशी देतूस का? मी दिसभर घरीच असते."